तांबड्या रक्तपेशींची घडण आणि रोगप्रतिकारक पेशींचे संदेश

१. ‘रक्त कमी आहे’ या वाक्याचा अर्थ

बारामती व इंदापूर या तालुक्यांत, किंबहुना मराठी मुलखात कोठेही, थकवा, धाप आणि फिकटलेले डोळे ही लक्षणे घेऊन एखादी स्त्री दवाखान्यात आली, म्हणजे तिच्या दुखण्याचे वर्णन बहुधा एकाच वाक्यात होते: ‘अंगात रक्त कमी आहे.’ या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. ‘हंड्यात पाणी कमी आहे’ या वाक्याहून ती वेगळी नाही. शरीर हे भांडे, रक्त हा त्यातील पदार्थ, आणि तो उणा पडला आहे, एवढाच अर्थ तिच्यातून निघतो. त्याबरोबर उपायही आपोआप सूचित होतो. उणे पडले असेल तर भर घालावी. गूळ-शेंगदाणे खावेत, पालेभाजी खावी, लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

इतर शब्दांची स्थितीही फार निराळी नाही. ‘पांडुरोग’ हा शब्द रोग्याच्या फिक्या वर्णावरून आला आहे. तो लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगावर स्वतंत्र अध्याय असून त्यात लोहयुक्त औषधेही सांगितली आहेत. ‘रक्तक्षय’ हा शब्द झीज सुचवितो. ‘अ‍ॅनिमिया’ हा मूळचा ग्रीक शब्द तर ‘रक्त नसणे’ एवढेच म्हणतो. म्हणजे आपल्या खेड्यातील वाक्यात आणि पाश्चात्त्य वैद्यकाच्या संज्ञेत या बाबतीत काहीच अंतर नाही.

प्रस्तुत लेखात एक मुद्दा स्पष्ट करावयाचा आहे. रक्त कमी असण्याचा एक मोठा प्रकार असा आहे की, ज्यात सामग्री पुष्कळदा शरीरातच असते, परंतु रोगप्रतिकारक पेशींच्या संदेशांमुळे ती अडवून धरलेली असते आणि नवीन रक्तपेशींची घडणही मंदावलेली असते. येथे उणीव नसून अटकाव आहे. हा भेद आपल्या रोजच्या भाषेत नाही, आणि तो नसल्यामुळे रुग्णाचे नुकसान होऊ शकते. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात लक्ष घालावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आधुनिक जीवशास्त्र पेशींच्या व्यवहाराचे वर्णन ‘संदेश’, ‘ग्राही’, ‘प्रतिसाद’ अशा शब्दांनीच करीत असल्यामुळे, ते शब्द तेथे कितपत सार्थ आहेत हे तपासणे आपल्याही अभ्यासक्षेत्राबाहेरचे ठरू नये.

२. उणिवेचे उदाहरण : मुंबईतील गिरणी कामगार स्त्रिया

अटकाव समजण्यापूर्वी खरी उणीव कशी असते ते पाहणे सोयीचे होईल. त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईस आली. कापड-गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात एक तीव्र रक्तक्षय जडत असे. त्यात रक्तपेशी नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या दिसत. विल्स यांनी आहाराची तपासणी केली, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि यीस्टच्या अर्काने हा विकार बरा होतो असे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ‘फोलिक आम्ल’ या नावाने ओळखले गेलेले जीवनसत्त्व होय. येथे एक घटक आहारात नव्हता. तो पुरविला आणि रक्त वाढले. हंड्याची उपमा या ठिकाणी यथार्थ ठरते.

आपल्याकडे लोहाची उणीव हे रक्तक्षयाचे एक प्रमुख कारण आहे, याविषयी वाद नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. परंतु ही पाहणी रक्तातील हिमोग्लोबिन मोजते. ते कोणत्या कारणाने उतरले हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी रक्तपेशी कशी घडते येथपासून आरंभ करावा लागतो.

३. तांबड्या पेशीची घडण

प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदास सुमारे २० लक्ष तांबड्या पेशी तयार होतात. प्रत्येक पेशी सुमारे १२० दिवस जगते. अस्थिमज्जेतील मूळ पेशीपासून पायरीपायरीने तांबड्या पेशीचे पूर्वरूप बनते. त्यात हिमोग्लोबिन साठू लागते, आणि शेवटच्या टप्प्यात पेशी आपले केंद्रक बाहेर टाकून देते.

ही घडण एकाकी होत नाही. १९५८ साली मार्सेल बेसी या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे दाखविले की, अस्थिमज्जेत तांबड्या पेशींची पूर्वरूपे एका मोठ्या पेशीभोवती कोंडाळे करून वाढत असतात. मधली ही पेशी म्हणजे महाभक्षक पेशी होय. जंतू आणि मृत पेशी गिळणे हे तिचे एरवीचे काम. येथे मात्र ती वाढत्या पेशींना आधार देते आणि त्यांनी टाकलेली केंद्रके गिळून जागा स्वच्छ ठेवते. रोगप्रतिकारक दलातील एक पेशी रक्तनिर्मितीच्या ऐन मध्यभागी दाईसारखी बसलेली असते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील सर्व विवेचनास ती उपयोगी पडेल.

किती पेशी घडवावयाच्या याचा हुकूम मूत्रपिंडाकडून येतो. रक्तातील प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक सोडते. ते अस्थिमज्जेत पोहोचून पूर्वरूपांना जगण्याचा व वाढण्याचा संदेश देते. पेशींना प्राणवायूची उणीव कशी उमगते याचा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा या तीन शास्त्रज्ञांस २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या संशोधनाची सुरुवात बऱ्याच अंशी या संप्रेरकापासूनच झाली होती.

४. लोहाचा व्यवहार आणि कालव्याचे दार

हिमोग्लोबिनसाठी लोह लागते. प्रौढ शरीरात एकूण ३ ते ४ ग्रॅम लोह असते, व त्यातील सुमारे दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते. रोजच्या रक्तनिर्मितीस २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. परंतु अन्नातून रोज शोषले जाते ते केवळ १ ते २ मिलिग्रॅम. उरलेले सारे जुन्या पेशींतून येते. प्लीहा व यकृत येथील महाभक्षक पेशी आयुष्य संपलेल्या तांबड्या पेशी गिळतात, त्यांतील लोह सोडवितात आणि पुन्हा रक्तात सोडतात. कोणत्याही क्षणी रक्तद्रवात वाहते लोह असते ते जेमतेम ३ मिलिग्रॅम. म्हणजे साठा मोठा असला तरी प्रवाह लहान आहे, आणि तो सतत चालू राहण्यावरच सर्व भिस्त आहे.

बारामती-इंदापूरच्या वाचकास हा व्यवहार समजावून सांगण्यास दूर जाण्याची गरज नाही. नीरा डावा कालवा १८८५ सालापासून या भागाला पाणी देत आहे. धरणात पाणी असणे आणि शेतात पाणी येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे येथील प्रत्येक बागाईतदारास ठाऊक असते. आवर्तन सुटले, चारीचे दार उघडले आणि आपली पाळी आली, तरच उसाला पाणी मिळते. धरण भरलेले असूनही आवर्तन न सुटल्यास पीक वाळते. अशा वेळी कोणी ‘पाणी नाही’ असे म्हटले, तर ते शेताच्या दृष्टीने खरे, पण धरणाच्या दृष्टीने खोटे असते.

लोहाच्या कालव्यावरील दाराचे नाव फेरोपोर्टिन. महाभक्षक पेशींच्या आणि आतड्याच्या पेशींच्या पृष्ठभागावर असलेले हे प्रथिन लोह बाहेर सोडते. ते बंद करणाऱ्या संप्रेरकाचे नाव हेप्सिडिन असून ते यकृतात तयार होते. हेप्सिडिनचा शोध २००० सालाच्या सुमारास लागला, आणि ते फेरोपोर्टिनला चिकटून त्यास पेशीच्या आत ओढून नष्ट करविते हे २००४ साली सिद्ध झाले. हेप्सिडिन वाढले की दोन दारे एकदम बंद होतात. जुन्या पेशींतील लोह महाभक्षक पेशींतच अडकून पडते, आणि अन्नातील लोह आतड्याच्या पेशींतून पुढे सरकत नाही. गोळीतून घेतलेले लोहही याच दुसऱ्या दारापाशी अडते.

दार बंद करण्याचा आदेश कोण देतो? शरीरात कोठे संसर्ग किंवा दाह झाला की तेथील रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची लहान प्रथिने रक्तात सोडतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-६ यकृताच्या पेशींवरील ग्राहीस भिडते व हेप्सिडिनचे जनुक जागे करते. निरोगी स्वयंसेवकांस इंटरल्यूकिन-६ टोचले असता काही तासांतच त्यांचे हेप्सिडिन अनेक पटींनी वाढले, आणि रक्तातील लोह सुमारे एक-तृतीयांशाने उतरले, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. त्या काही तासांत त्यांच्या शरीरातील लोह कोठे नाहीसे झाले नव्हते. फक्त आवर्तन बंद झाले होते.

५. अन्य संदेश

लोह अडविणे हा या संदेशांचा एक परिणाम झाला. रक्तनिर्मितीवर त्यांचा परिणाम आणखीही काही मार्गांनी होतो.

पहिला मार्ग मूत्रपिंडाचा. इंटरल्यूकिन-१ आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या सायटोकाइनांमुळे एरिथ्रोपोएटिनची निर्मिती मंदावते. त्यामुळे रक्त जितके उतरलेले असते त्या मानाने हुकूम क्षीण निघतो. शिवाय तो ऐकणारी पूर्वरूपेही त्यास पुरेशी दाद देत नाहीत.

दुसरा मार्ग अस्थिमज्जेतील मूळ पेशींचा. एकाच मूळ पेशीपासून तांबड्या व पांढऱ्या अशा दोन्ही पेशी होऊ शकतात. इंटरफेरॉन-गॅमा हे सायटोकाइन मूळ पेशींचा कल पांढऱ्या पेशींकडे वळविते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. लढाईच्या काळात कारखान्याने नांगराचे फाळ सोडून हत्यारे घडवावीत, तसा हा प्रकार आहे. २०२० साली उंदरांवरीलच एका अभ्यासात इंटरल्यूकिन-३३ हा संदेश तांबड्या पेशींच्या पूर्वरूपांची पुढील वाढ थेट रोखतो असे आढळले.

तिसरा मार्ग आयुष्याचा. दाहाच्या काळात चेतलेल्या महाभक्षक पेशी तांबड्या पेशींना त्यांची मुदत भरण्यापूर्वीच गिळू लागतात. ज्या पेशी घडणीच्या वेळी दाईचे काम करतात, त्याच आता काळाचे काम करतात.

सारांश, लोह अडते, हुकूम क्षीण होतो, घडण दुसरीकडे वळते आणि घडलेल्या पेशी लवकर मरतात. या चारही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे जो रक्तक्षय होतो त्यास दीर्घकालीन विकारातील किंवा दाहजन्य रक्तक्षय म्हणतात. कार्टराइट, विंट्रोब आदी अमेरिकन संशोधकांनी १९४० नंतरच्या दशकांत त्याचे रूप वर्णिले होते. त्यामागील संदेशांची ओळख मात्र या शतकात झाली.

६. शरीर असे का करते?

स्वतःचेच रक्त उणे करण्यात शरीराचा काय लाभ, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर जंतूंच्या गरजेत आहे. बहुतेक रोगजंतूंना वाढीसाठी लोह लागते. संसर्ग होताच वाहते लोह आत ओढून घेतले, तर जंतूंची उपासमार होते. चोर गावात शिरला असता धान्य कोठारात घालून कुलूप लावावे, तशी ही योजना आहे. अल्पकाळच्या संसर्गात ती हितावह ठरते, कारण तांबडी पेशी १२० दिवस जगत असल्यामुळे आठ-दहा दिवसांच्या अटकावाने रक्त फारसे उतरत नाही. परंतु क्षयरोग, मूत्रपिंडाचा जीर्ण विकार किंवा दीर्घकाळचा सांधेदाह यांत कुलूप महिनोन्महिने निघत नाही, आणि घरच्या माणसांचीच उपासमार होऊ लागते.

या योजनेचा विचार न करता लोह देत राहण्यात धोका असू शकतो, हे आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या पेंबा बेटावर दिसून आले. तेथे हिवतापाचा प्रादुर्भाव फार. सुनील सझावल व त्यांचे सहकारी यांनी तेथील लहान मुलांस नियमित लोह व फोलिक आम्ल दिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या मुलांत गंभीर आजार व मृत्यू यांचे प्रमाण वाढले. त्यानंतर हिवतापग्रस्त प्रदेशांत लोह देताना हिवतापाचा बंदोबस्तही करावा असे धोरण पुढे आले. यावरून लोहाच्या गोळ्या घातक असतात असा अर्थ कोणी काढू नये. ज्यांच्या शरीरात लोहाची खरोखर उणीव आहे त्यांना त्या आवश्यकच आहेत. लोहाचा परिणाम शरीरात त्या वेळी कोणता संदेश चालू आहे यावर अवलंबून असतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

७. भिगवणची पाहणी आणि एका चिन्हाचे दोन अर्थ

दाहजन्य रक्तक्षयाचे एक ठळक उदाहरण म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्यास आपल्याकडे सामान्यतः आमवात म्हणतात. यात रोगप्रतिकारक पेशी स्वतःच्याच सांध्यांवर उठतात, आणि इंटरल्यूकिन-६ व ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांचे संदेश वर्षानुवर्षे चालू राहतात. या रोगाचा ग्रामीण भारतातील एक महत्त्वाचा अभ्यास इंदापूर तालुक्यातील भिगवण येथेच झाला, ही आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट होय. पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीझेस या संस्थेचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली, जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न अशा ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली ही पाहणी सुरू केली. घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस करण्यात आली. सांधे व स्नायू यांची दुखणी गावात अतिशय सर्रास असल्याचे तीत दिसले, आणि आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. अर्धा टक्का हा आकडा लहान वाटतो. पण दर हजार प्रौढांत पाच असा हिशेब मांडला, म्हणजे एकेका तालुक्यात अशी शेकडो माणसे असणार हे उघड आहे.

यांतील एखादी स्त्री ‘रक्त कमी आहे’ म्हणून गोळ्या घेते आणि रक्त वाढत नाही, तेव्हा तिने गोळ्या नियमित घेतल्या नसतील असा तर्क सहज केला जातो. तो पुष्कळदा खराही असेल. परंतु तिच्या दुखऱ्या सांध्यांतून निघणारा संदेश तिच्या आतड्याचे दार बंद करीत असण्याचा संभवही तितकाच खरा असतो. तिच्यात लोहाची उणीव आणि अटकाव ही दोन्ही एकत्र नांदत असणेही शक्य आहे; गरीब व वारंवार बाळंत झालेल्या स्त्रियांत तर हा संभव अधिक.

मग हे ओळखावे कसे? लोहाचा साठा अजमावण्यासाठी रक्तातील फेरिटिन मोजतात. साठा घटला की फेरिटिन घटते. परंतु दाह असला की साठा कितीही असो, फेरिटिन वाढते. म्हणजे हे अनेकार्थी चिन्ह आहे. ‘कर’ या शब्दाचा अर्थ हात की सरकारी पट्टी हे जसे वाक्यावरून ठरते, तसे फेरिटिनचे वाचन संदर्भावरून करावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार निरोगी प्रौढात दर लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या खाली फेरिटिन गेल्यास लोहाची उणीव मानावी. दाह वा संसर्ग असल्यास हीच मर्यादा ७० धरावी. आकडा एकच, पण संदर्भ बदलताच त्याचा अर्थ उलटतो. ५० हा आकडा निरोगी स्त्रीत साठा पुरेसा असल्याचे सांगतो. आमवाताच्या रुग्णात तोच उणीव सांगतो.

उपचाराचा अनुभवही या उपपत्तीस पुष्टी देतो. इंटरल्यूकिन-६ चा ग्राही अडविणारे टोसिलिझुमॅब हे औषध आमवातावर देतात. त्याने सांध्यांची सूज उतरते, हेप्सिडिन घटते आणि हिमोग्लोबिनही वाढते. त्या औषधात लोहाचा कणही नसतो.

८. ‘संदेश’ हा शब्द कितपत सार्थ?

शेवटी शब्दाकडे वळू. पेशींच्या या व्यवहारास ‘संदेश’ म्हणणे हे निव्वळ अलंकारिक आहे काय? सोस्यूरने भाषिक चिन्हाचा जो प्रमुख गुण सांगितला, तो म्हणजे यादृच्छिकता: ध्वनी आणि अर्थ यांत स्वाभाविक संबंध नसतो. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ झाक मोनो यांनी १९७० साली पेशींतील नियमनाविषयी जवळजवळ हेच म्हटले. नियमन करणारे द्रव्य आणि त्याने घडून येणारे कार्य यांत रासायनिक अपरिहार्यता नसते. इंटरल्यूकिन-६ च्या रेणूत ‘लोह अडवा’ असे काही लिहिलेले नाही. तोच रेणू यकृतास हेप्सिडिन करावयास लावतो, आणि मेंदूच्या द्वारा ताप आणतो. अर्थ ग्राहकाच्या ठिकाणी ठरतो. संवादही एकतर्फी नसतो. रक्तस्राव झाला असता अस्थिमज्जेतील वाढती पूर्वरूपे एरिथ्रोफेरोन नावाचे संप्रेरक सोडून यकृतास हेप्सिडिन कमी करावयास लावतात, असे २०१४ साली दिसून आले. म्हणजे टेलच्या शेतकऱ्यानेही वर निरोप पाठवून दार उघडून घ्यावे, तशी ही व्यवस्था आहे.

येथपर्यंत उपमा टिकते. परंतु पेशीस हेतू नसतो, तिला नवीन वाक्य रचता येत नाही, आणि ‘काल’ वा ‘नाही’ असे काही म्हणताही येत नाही. म्हणून या व्यवस्थेस चिन्हव्यवस्था म्हणावे, भाषा म्हणू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परिभाषेच्या दृष्टीने मात्र एक काम आपल्या हाती आहे. लोहाच्या खऱ्या अभावास ‘लोहन्यूनता’ आणि संदेशांमुळे झालेल्या अटकावास ‘लोहरोध’ असे दोन शब्द योजले, तर वर्गात आणि दवाखान्यातही हा भेद सांगणे सोपे होईल. आरोग्यसेविकेस इतक्या जड शब्दांचीही गरज नाही. धरण रिकामे आहे की आवर्तन बंद आहे, हा प्रश्न या दोन तालुक्यांत कोणासही कळतो. ‘रक्त कमी आहे’ हे वाक्य ऐकल्यावर ताप, खोकला, सांध्यांची सूज किती दिवसांपासून आहे एवढे जरी विचारले गेले, आणि गोळ्यांनी रक्त न वाढल्यास रुग्णास दोष न देता तपासणीसाठी पुढे पाठविले गेले, तरी या ज्ञानाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.